सिपनेकाठी तीन रात्री

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीत माझी चुलतजाऊ फराळाला आली ती अख्खी आफ्रिकाच पर्समध्ये घालून. म्हणजे मोबाइलमध्ये. केनियाला मसाई माराच्या जंगलात जाऊन आली होती. तालेक नाव असलेल्या नदीच्या काठी दहा-बारा तंबूंची छावणी, आत पलंग, पांढऱ्याशुभ्र चादरी, दारात खुर्ची टाकून बसलं की समोर नदी आणि नदीत पाणघोडे. रात्री ते असे काही डुरकतात म्हणे की यजमानांच्या घोरण्याचं काही वाटेनासं होतं!

आम्ही सगळ्याजणी चकल्या खाता खाता फोटो बघत होतो. सिंह झाले, जिराफ झाले, हत्तींचे कळप झाले. आमच्या सासूबाई एवढा वेळ गप्प होत्या. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तिथं जेवान कोन रांधतं गो?"

"अहो काकू, सगळं आयतं! सकाळचा चहासुद्धा तंबूत आणून देतात," जाऊबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. सिंह राहिले बाजूला. तीन दिवस चहासुद्धा आयता, हे दृश्य आम्हा दोघींच्या डोळ्यांपुढून हलेना.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? पण मैत्रिणींनो, आमचं जासई गाव तुम्ही पाहिलं असेल तर कळेल. पनवेलहून उरणला जाताना लागतं. रस्त्यावर रात्रंदिवस कंटेनरचे ट्रेलर. २०२४च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला, तो चिरल्याला उतरतो, म्हणजे आमच्या शेजारीच. सकाळी पाचला माझा गॅस पेटतो, साडेसातला मुलांचे आणि यांचे डबे, मग शाळेत माझे तीन तास, घरी आले की पुन्हा ओटा. सुट्टी असली तरी ओट्याला सुट्टी नसते. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली. त्यात "नुसतं बसलं" असं म्हणावं असे किती तास मिळाले ते बोटांवर मोजता येतील.

जाऊबाईंनी खर्चाचा आकडा सांगितला, तेव्हा मात्र आम्ही चकल्यांकडे वळलो. तेवढ्यात आमच्या घरावर दुसरा स्लॅब पडला असता. पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. "सफारी" हा शब्द स्वाहिली भाषेतला, अर्थ नुसता "प्रवास". तो तिकडे अरबीतून गेला आणि आपल्याकडे "सफर" होऊन आला. शब्द जर आपल्या घरात आहे, तर नदीकाठचं जंगलही आपल्याच राज्यात कुठेतरी असेल, असा मी विचार केला.

असणारच! बी.ए.ला असताना मी मारुती चितमपल्ली यांची पुस्तकं वाचली होती. वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी नवेगाव, नागझिरा, मेळघाट ही जंगलं पायांखाली घातली आणि आपल्या भाषेला पाखरांची, झाडांची कितीतरी नावं मिळवून दिली. २०२५च्या जूनमध्ये ते गेले. तेव्हा वर्गात मुलांना त्यांच्याविषयी सांगताना मेळघाट हे नाव पुन्हा मनात घर करून बसलं होतं. चौकशी केली, तर मेळघाटात कोलकास म्हणून ठिकाण आहे, तिथे वनखात्याचं विश्रामगृह आहे, आणि ते अगदी सिपना नदीच्या वळणावर आहे असं समजलं. तंबू नाहीत, पण नदी आहे, जंगल आहे आणि जेवण आयतं आहे. आणखी काय हवं?

नाताळच्या सुट्टीत जायचं ठरलं. हे, मी, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाईंनी आधी "मी काय करू तिथं?" म्हणून पाहिलं. मग आपली पिशवी सगळ्यांत आधी त्यांनीच भरली. निघायच्या आदल्या रात्री मी ती सहज उघडली, तर तळाशी कागदात गुंडाळलेली सुकट आणि चार बोंबील! "अहो आई, वास कुठवर जाईल! अस्वल येईल ना दाराशी!" तेव्हा कुठे बोंबील बाहेर निघाले. आगरी माणसाला चार दिवस सुकटीशिवाय काढायचे म्हणजे थोडीथोडकी तपश्चर्या नव्हे, हे त्यांनी अमरावती येईपर्यंत आम्हाला ऐकवलं.

आता रस्ता सांगते. मुंबईहून रात्री अमरावतीची गाडी निघते, ती कल्याणला मिळते. सकाळी अमरावती. तिथून परतवाडा पन्नासेक किलोमीटर. परतवाडा हे शेवटचं मोठं बाजाराचं गाव. औषधं, रोख पैसे, मुलांची बिस्किटं, जे काही राहिलं असेल ते इथेच घ्या. पुढे मिळेल या भरवशावर राहू नका. परतवाडा सोडलं की घाट सुरू होतो. घटांगवरून सेमाडोह, आणि सेमाडोहहून धारणीच्या रस्त्याने पंधराएक किलोमीटरवर कोलकास. वळणं इतकी की धाकटीने दोनदा गाडी थांबवायला लावली. आलेपाकाच्या वड्या आणि ओवा हाताशी ठेवा, पिशवीच्या तळाशी नको.

कोलकासला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. विश्रामगृह उंचावर आहे आणि खाली सिपना वळण घेऊन जाते. हिवाळ्यात तिला पूर नसतो. मोठमोठ्या खडकांमधून पाण्याचे डोह साचलेले, त्यांच्यामधून बारीक धार वाहते. पलीकडे सागाचं जंगल. सामान खोलीत टाकलं आणि आम्ही सगळे कठड्याशी जाऊन उभे राहिलो. कुणीच काही बोलेना. मला आधी कळेना की इतकं वेगळं काय वाटतंय. मग लक्षात आलं, ट्रेलरचा आवाज नाही! चौदा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या कानांना सुट्टी मिळाली होती.

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. सातपुड्याच्या डोंगररांगा इथे एकमेकींत गुंतल्या आहेत. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार अशा पाच नद्या या जंगलातून निघून तापीला मिळतात. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. महाराष्ट्रातला हा पहिला व्याघ्र प्रकल्प. इथला आणखी एक पाहुणा मला फार आवडला, तो म्हणजे रानपिंगळा. लहानसं घुबड. १८८४ सालानंतर तो पक्षी कुणाला खात्रीने दिसलाच नव्हता, जगातून संपला असंच लोक धरून चालले होते. १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला. एखादी हरवलेली वस्तू शंभर वर्षांनी माळ्यावर सापडावी तसं!

दुसऱ्या दिवशी पहाटे उघड्या जीपमधून जंगलात गेलो. थंडी अशी की आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाचे दात वाजावेत. सासूबाईंनी स्वेटर, त्यावर शाल, त्यावर यांचा मफलर असा जामानिमा केला होता. बरोबरचा वाटाड्या कोरकू तरुण होता. त्याने गवे दाखवले, सांबर दाखवलं, लांबवर एक भेकर दाखवलं. वाघ मात्र दिसला नाही. ताडोबासारखा इथे वाघ सहज दिसत नाही, डोंगर आणि झाडी दाट आहे, हे मी मुलांना घरूनच सांगून ठेवलं होतं. तरी थोरल्याचं तोंड उतरलं. तेव्हा त्या वाटाड्याने जीप थांबवून रेतीत उमटलेला पंजा दाखवला आणि म्हणाला, "कुला." कोरकू भाषेत कुला म्हणजे वाघ.

मग काय, आमच्या पोराला वाघापेक्षा शब्दांचाच नाद लागला. पाण्याला दा म्हणतात. आणि सिपना म्हणजे साग! म्हणजे आम्ही सागनदीच्या काठी उतरलो होतो. कोरकू भाषा ना मराठीची बहीण, ना हिंदीची, ना शेजारच्या गोंडीची. तिची नातलग आहेत पार झारखंडकडे, मुंडारी आणि संथाळी. माझ्यातली मास्तरीण लगेच जागी झाली. पहिलीत पाऊल टाकणाऱ्या इथल्या मुलाला बाईंचं बोलणं पहिल्या दिवशी किती परकं वाटत असेल! आपण मात्र "या मुलांना येत नाही" असा शेरा मारून मोकळे होतो.

आता मुख्य गोष्ट सांगते. तिच्यासाठीच खरं तर यावेळी लिहायला बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझे हात शिवशिवायला लागले. आयता चहा झाला, आयतं जेवण झालं, नदी बघून झाली. पण तीन वेळचं ताट समोर येतं आणि आपण काहीच केलेलं नसतं, याची सवय कुठे आहे आपल्याला? सासूबाई कुठे दिसेनात म्हणून शोधत गेले, तर बाई उपाहारगृहाच्या मागच्या अंगणात पाटावर बसून मेथी निवडत होत्या! सातशे किलोमीटर प्रवास करून स्वयंपाकघरातून सुटलो आणि पुन्हा स्वयंपाकघराच्याच दारात. मीही हसत हसत दुसरी जुडी ओढली.

स्वयंपाक करणारी बाई कोरकू. चाळिशीच्या पुढची, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी. मोठमोठ्या भाकऱ्या थापत होती. बायका जमल्या की पहिला प्रश्न कोणता? सासूबाईंनी तोच विचारला, "तुजं माह्येर कुठलं गो?"

तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "मायका उठ गया, मावशी."

आम्हाला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. तिचं माहेर इथल्याच जंगलाच्या गाभ्यातल्या एका गावात होतं. वाघांसाठी जंगल मोकळं करायचं म्हणून गाव उठलं आणि खाली अकोटच्या बाजूला सपाटीवर नवीन वस्ती झाली. भावाला तिथे घर मिळालं, पैसे मिळाले. भाऊ म्हणतो, बरं झालं, मुलांना शाळा जवळ, दवाखान्याला झोळीतून न्यायला लागत नाही. आईचं मात्र तिथे मन लागत नाही. जंगलात सरपण फुकट होतं, मोह होता, पावसाळ्यात रानभाज्या होत्या, गुरांना चारा होता. "वहाँ पत्ताभी मोल लेना पडता," असं आई म्हणते. ही एकदा कामाला म्हणून जुन्या गावाकडे गेली होती. सगळीकडे कमरेएवढं गवत आणि गवतात सांबरं. घर कुठे होतं ते तिने दारच्या चिंचेवरून ओळखलं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलणार होते. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तुजी चिच तरी ऱ्हायली. माज्या गावाचा झाडपन ऱ्हायला नाय. बंदराखाली गेला."

मैत्रिणींनो, माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. माझ्या सासूबाईंचं माहेर शेवा. दर गौरी-गणपतीला, भाऊबीजेला मी त्यांच्याबरोबर नवीन शेव्याला जाते, त्यांच्या भावाच्या घरी. तेच त्यांचं माहेर असं मी चौदा वर्षं धरून चालले होते. "नवीन" शेवा म्हणजे जुनंही एक होतं, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. मी शाळेत इतिहास शिकवते, हे इथे सांगायलाही लाज वाटते.

आमच्या भागातल्या जमिनींची गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. दि. बा. पाटील आमच्या जासईचेच. त्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हे सगळं मी मुलांना तारखांसकट सांगते. पण न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं आणि त्याआधी एक आख्खं गाव तिथून उचलून दुसरीकडे बसवलं गेलं, त्या गावात माझ्या सासूबाईंचं बालपण होतं, हे मला सिपनेच्या काठी कळावं!

त्या रात्री जेवणं झाल्यावर मुलं झोपली. आम्ही दोघी शाली गुंडाळून व्हरांड्यात बसलो. खाली नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. सासूबाई आपणहून बोलायला लागल्या. खाडीला भरती आली की पाणी कुठवर यायचं, उधाणाची वाट बघत बायका पाट्या घेऊन कशा बसायच्या, चिंबोऱ्या बिळातून कशा काढायच्या, कोणाच्या अंगणातून कोणाच्या अंगणात आलं की विहीर लागायची. १९८१ साली लग्न होऊन त्या जासईला आल्या. नंतर गाव उठलं तेव्हा त्यांच्या कडेवर माझे हे होते. सामान टेम्पोत भरलं त्या दिवशी त्या माहेरी नव्हत्या. सासरी लावणी होती, कोण सोडणार?

"मना कोनी सांगलाच नाय कवा जायचा त्यो दिस," त्या म्हणाल्या. "भावाचा नाव यादीत होता. लेकीचा नाव कुठल्या यादीत असतं गो?"

याला मी काय उत्तर देणार? घर गेलं की त्याची मोजदाद होते, शेत गेलं की सातबारा असतो. माहेर गेलं तर त्याचा कागद कुठे असतो? भाऊ नव्या घरात जातो, त्याचा उंबरा बदलतो. सासरी गेलेल्या लेकीला मात्र नवा उंबरा दाखवून सांगतात, आता हेच तुझं माहेर. ती मान हलवते. दुसरं करणार काय?

घरी आल्यावर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं. मेळघाटात बोरी, कोहा आणि कुंड ही गावं सर्वांत आधी उठली, २००० सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. मग आणखी गावं गेली. २००८ पासून कुटुंबामागे दहा लाख रुपये अशी केंद्राची योजना होती, पुढे ती रक्कम पंधरा लाख झाली. जंगलाचं भलं झालं यात शंका नाही. गावांच्या जागी गवताळ कुरणं उगवली, सांबर-गवे वाढले, म्हणजे वाघाचं पोट भरायची सोय झाली. पण माणसांचं सगळ्यांचंच सारखं झालं असं नाही. काहींचं मार्गी लागलं. काही कुटुंबं नव्या जागी पटेना म्हणून परत जुन्या गावाकडे निघाली आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथे वनखात्याची माणसं आणि गावकरी यांच्यात मोठी चकमकही झाली.

आणि हे एकट्या मेळघाटाचंही नाही. आमच्या जाऊबाई ज्या मसाई मारात राहून आल्या, त्याच्या सीमेला लागून टांझानियाचं सेरेंगेटी आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारणाऱ्या मसाई लोकांना १९५९ साली जागा सोडून शेजारच्या गोरोंगोरोकडे जावं लागलं. आज आपण नदीकाठच्या खुर्चीत बसून "काय शांतता आहे!" म्हणतो, ती बऱ्याच ठिकाणी कुणीतरी उठून गेल्यावर झालेली शांतता असते.

मग जाऊच नये का? सासूबाईंना मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "न जावून काय व्हनार? ती बाय भाकऱ्या कोनाला घालंल?" मला हे उत्तर पुरलं. तुम्हीही जा. जंगलात उरलेल्या माणसांना वाटाड्याचं, गाडीचं, स्वयंपाकाचं काम मिळतं ते आपण गेलो तरच. फक्त डोळे उघडे ठेवून जा आणि तोंडही. म्हणजे विचारा. "वाघ कुठे दिसेल?" एवढंच नको, "तुमचं गाव कुठलं, माहेर कुठलं?" हेही विचारा. आणि उत्तर ऐकायला दोन मिनिटं थांबा.

आता आपल्या सदराच्या शिरस्त्याप्रमाणे थोडं व्यवहाराचं.

दिवस कोणते निवडावे? पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभ्यातल्या जंगलफेऱ्या बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान, पण रात्रीची थंडी कडक. मुलांना कानटोपी आणि पायमोजे हवेतच. मार्च ते मे ऊन भाजतं. मात्र जनावरं पाण्यावर येतात म्हणून दिसण्याची शक्यता जास्त. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणावर बसून प्राणी मोजतात. हौस असेल त्यांनी त्याची चौकशी करावी. राहण्याची जागा आधी नोंदवल्याशिवाय निघू नका. कोलकास आणि सेमाडोह दोन्हीकडे खोल्या मोजक्याच आहेत. सुट्टीच्या दिवसांत त्या भराभर भरतात.

कपडे मातकट, हिरवे, खाकी असे अंगासरशी बसणारे घ्या. भडक लाल-पिवळं, चमचमतं नको. अत्तर, गजरा, वाजणारी पैंजणं घरी ठेवा. पहाटे जीपमध्ये साडीपेक्षा पंजाबी ड्रेस सोयीचा. सासूबाईंनी मात्र नऊवारीतच सगळं पार पाडलं आणि माझ्याआधी जीपमध्ये चढल्या.

खाऊ कोरडा न्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, गूळपापडी. डबे घट्ट झाकणाचे हवेत. खिडकी उघडी टाकून खाऊ बाहेर ठेवलात तर वानरं वाटा मागायला येतील, हे ठरलेलंच. आमची अर्धी गूळपापडी अशीच गेली. माशांचं काही नको, हे वर आलंच आहे!

पाण्याच्या बाटल्या घरून न्या, प्लॅस्टिकच्या विकत घेऊन तिथे टाकू नका. महिन्याच्या दिवसांत जाणं झालं तर कागद आणि वेगळी पिशवी जवळ ठेवा, सगळं बांधून परत आणा आणि परतवाड्याला आल्यावर कचऱ्यात टाका. जंगलात पुरू नका, जनावरं उकरतात. विजेरी प्रत्येकाची वेगळी. अंधार पडल्यावर एकट्याने नदीवर उतरायचं नाही, मुलांना तर अजिबात नाही. मोबाइलला तिथे कधी आवाज येतो, कधी येत नाही. पोचल्याचं परतवाड्यालाच घरी कळवून टाका, म्हणजे मागे कोणी काळजी करत बसणार नाही.

आणि एक, घरातल्या वडीलधाऱ्या बाईला बरोबर न्या. "त्यांना झेपणार नाही" असं आपणच ठरवून टाकतो. तसं ठरवलं असतं, तर माझ्या हातून काय निसटलं असतं याची मला कल्पनाही आली नसती.

घरी आलो. पुन्हा पाचचा गॅस, पुन्हा डबे, पुन्हा ट्रेलर. एका रविवारी थोरल्याने आजीपुढे चित्रकलेची वही ठेवली आणि म्हणाला, "आजी, तुझ्या जुन्या गावाचा नकाशा सांग, मी काढतो." दोघं दुपारभर बसली होती. विहीर कुठे, देऊळ कुठे, खाडीची वाट कुठून. दोनदा खोडून पुन्हा काढलं. आजीला उत्तर-दक्षिण येत नाही. ती सांगते, "माज्या दाराच्या डाव्या हाताला." त्यामुळे तो सगळा नकाशा तिच्या दारातून बघितल्यासारखा झाला आहे.

१६ जानेवारीला त्या दरवर्षी हुतात्म्यांना फुलं वाहायला जातात. यंदा मुलांनाही नेलं. येताना यांना गाडी करळ फाट्याच्या पुलावरून घ्यायला लावली. पुलावरून बंदराच्या उंच क्रेन रांगेत दिसतात. "हळू चालव रं," त्या म्हणाल्या आणि काचेवर बोट ठेवून मुलांना दाखवू लागल्या, "तिथं. त्या तिसऱ्या खांबाच्या अल्याड. तिथं माजा माह्येर."

तुमच्या घरातही असं एखादं माहेर असेल, धरणाखाली गेलेलं, रस्त्याखाली गेलेलं, कारखान्याखाली गेलेलं. विचारून बघा आणि मला जरूर लिहा. पुढच्या वेळी तुमच्या पत्रांना जागा राखून ठेवते.